सकाळ-गाणं-नको-जाहिरात

सोमवार, ५ मे

आज गावच्या साप्ताहिकाला फोन करून जाहिरात दिली. मजकूर असा: 'बोडिल हिचा सत्तरावा वाढदिवस १९ जूनला आहे. सकाळचं गाणं नको.' फोनवरच्या मुलीने तो परत वाचून दाखवला आणि विचारलं, "आणखी काही? भेटी नकोत, फुलं नकोत?"

"नाही, एवढंच," मी म्हटलं. फुलांनी माझं काय वाईट केलं आहे?

अशी जाहिरात दिली की लोक निमूट ऐकतात. नाही दिली, तर शून्यावर संपणाऱ्या वाढदिवशी अख्खी गल्ली साखर कारखान्याचा बँड घेऊन उजाडताच खिडकीखाली येते आणि आपल्यावर रचलेलं गाणं म्हणते. गाण्यात आपली भरपूर थट्टा असते. मग झोपेतल्या केसांनी दार उघडायचं, सगळ्यांना गोल पाव आणि कडू दारूचा छोटा पेला द्यायचा, आणि नको नको म्हणत डोळे पुसायचे. मला हे सगळं फार आवडतं. म्हणून तर नको म्हटलं. त्यांना जरा चुकल्यासारखं वाटू दे.

कारण लिहून ठेवते, नाहीतर उद्या माझं मलाच पटायचं नाही. शनिवारी बेकरीवाल्या लिस्बेट आणि फ्लेमिंगच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली, त्याची मेजवानी होती. तीस वर्षं या गावातल्या लग्नांची, पन्नाशींची, पोरांच्या चर्चमधल्या दृढीकरणाची गाणी मी लिहिते आहे. माझा नवरा हेर्लुफ होता तोवर तो ती आपल्या छापखान्यात छापायचा, आणि ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडायचा हे मला विचारल्याशिवाय खिळा हलवायचा नाही. लिस्बेटने मात्र या वेळी गाणं बाहेरून मागवलं. संगणकावर नावं भरायची, तासाभरात गाणं हजर.

त्यात 'रौप्यविवाहजोडपं' हा शब्द तीन तुकड्यांत लिहिला होता. रौप्य, मग मोकळी जागा, विवाह, मग मोकळी जागा, जोडपं. आम्हा डेन लोकांत असे शब्द एकमेकांना चिकटवूनच लिहितात, मग ते कितीही लांब होवोत. पंचवीस वर्षं एका छपराखाली काढलेल्या माणसांच्या गाण्यात जोडपंच वेगळं राहत होतं. शिवाय चालीत तो शब्द अशा जागी मोडत होता की सगळं सभागृह तिथेच ठेचकाळलं. मी काही जास्त केलं नाही. फक्त उभी राहिले, सगळ्यांना थांबवलं आणि तो शब्द आमच्या भाषेत टाळ्या वाजवून दाखवला: सोल्व-ब्रुल-लुप्स-पार. चार टाळ्या. मग नीट जमलं. आभार मात्र कोणी मानले नाहीत. लिस्बेट केक कापायला वळली, ती पुढे माझ्याकडे वळलीच नाही.

गुरुवार, ८ मे

जाहिरात छापून आली. मला वाटलं होतं, निदान कोणीतरी विचारेल, का गं बाई, काय झालं? बेकरीत गेले.

"वाचली हं जाहिरात," लिस्बेट काळा पाव कागदात गुंडाळत म्हणाली. "बरं केलंस. पहाटे केस कसे दिसतात ते आमच्या त्या शनिवारच्या फोटोंत आहे."

"तुम्हाला वाईट नाही ना वाटलं?"

"छे गं. तू नको म्हटलंस म्हणजे नको. आणखी काही देऊ?"

म्हणजे संपलं. छापलेलं वाक्य आमच्या लोकांना कायदा वाटतो. आता जाहिरात मागे घ्यायची तर दुसरी द्यावी लागेल, 'सकाळचं गाणं हवं', आणि ती द्यायला मी अजून इतकी खाली आलेले नाही. पण १९ जूनची पहाट डोळ्यांसमोर येते. मी, गोल पाव आणि खिडकीखाली एकही माणूस नाही. हेर्लुफ असता तर म्हणाला असता, "बोडिल, स्वतःच्या पायावर उभी राहून स्वतःचाच पाय तुडवतेस."

रविवार, ११ मे

सर्दीने डोकं जड झालं होतं. प्रार्थनेला गेले नाही. खिडकीचा गुंडाळी पडदाही न उघडता दहापर्यंत पडून होते. तर दाराची घंटा. कोणीतरी बटणावर हात ठेवून झोपी गेल्यासारखी वाजत होती.

दारात आयनार. कुंपणापलीकडचा शेजारी. जन्मभर कारखान्यात यंत्रं दुरुस्त केली, बँडमध्ये ट्यूबा हे पितळेचं धूड वाजवतो, आणि तीन वर्षांपूर्वी त्याची बायको टोवे गेल्यापासून एकटाच असतो. पायात एक बूट, एक सपाता. धापा टाकत होता.

"काय रे, आग लागली का कुठे?"

"नाही." त्याने मला नखशिखांत पाहून घेतलं. "बरी आहेस ना?"

"सर्दी झाली आहे, झोपले होते. तू कशाला आलास ते सांग."

कशाला आलो ते त्याला आठवेना, असं चेहऱ्यावर साफ दिसत होतं. या वयात होतं असं. शेवटी म्हणाला, "एक शब्द विचारायचा होता. कसा तोडायचा तो."

"रविवारी सकाळी?"

"घाईचा शब्द आहे."

आत घेतला, कॉफी दिली. त्याची एक चुलतबहीण आहे म्हणे, आल्मा, तिकडे वर उत्तरेला, थ्यू भागात. तीही जूनमध्ये सत्तरीची होते आहे आणि तिच्या गाण्याचं काम आयनारच्या गळ्यात पडलं आहे. इतक्या वर्षांत त्याने या आल्माचं नाव कधी काढलं नव्हतं. शब्द होता 'वाढदिवसध्वजस्तंभ'. मी कागदावर लिहून दाखवला. त्यात आमच्या बोलीप्रमाणे तुकड्यांच्या मध्ये दोनदा 'स' येतो.

"हा मधला 'स' कशासाठी?"

"सांधा आहे."

"त्याचा अर्थ काय पण?"

"काही नाही. दोन शब्दांच्या मध्ये उभा राहतो आणि दोघांना धरून ठेवतो, एवढंच काम."

"आमच्या बँडमधल्या त्रिकोण वाजवणाऱ्यासारखं." तो विचारात पडला. "मग तोडताना तो कोणाकडे जातो?"

"आधीच्या शब्दाकडे. नंतरच्याकडे कधीच नाही. बाकी सगळं विसरलास तरी चालेल, एवढं लक्षात ठेव."

"लक्षात ठेवतो," म्हणाला, आणि तीन कप कॉफी पिऊन गेला.

बुधवार, १४ मे

आयनार पहिलं कडवं घेऊन आला. शाळेत सगळ्यांनी म्हटलेल्या एका उन्हाळ्याच्या गाण्याची चाल घेतली आहे, ते ठीक. शब्द असे:

आल्मा उठते भर पंगतीत, सगळ्यांना ती थांबवते,
गाणं तुमचं चुकलं म्हणते, टाळ्या वाजवून दाखवते.

"असं करते ती?" मी विचारलं.

आयनार छताकडे पाहत होता. "कधी कधी."

"लोकांच्या मेजवानीत? कसली आगाऊ बाई आहे रे."

"मनाने चांगली आहे."

"असेल. पण मग थट्टा अशी पुळचट नको. नुसती उठते काय म्हणतोस? खुर्चीवर चढते म्हण. हातात चमचा दे. चढवायचंच तर नीट चढव." आणि मीच ते लिहून दिलं. मला या आल्माची गंमत वाटायला लागली आहे. पुढच्या कडव्यात तिचं नाक आणखी वर नेऊ.

आयनार जाताना दारात अडखळला. खांदे हलत होते. त्यालाही सर्दी झाली असावी.

मंगळवार, २० मे

फाटकाच्या बिजागरीत तेल घातलं. ध्वजाच्या खांबाला पांढरा रंग दिला. कोणासाठी असं नाही, खांब म्हटला की रंगवावाच लागतो.

बेकरीत म्हटलं, "लिस्बेट, १९ जूनला मला गोल पाव लागतील. सगळ्या गल्लीला पुरतील एवढे."

"कोणी येणार आहे?"

"नाही गं. फ्रीजरमध्ये ठेवायला."

"मग आदल्या आठवड्यात ने ना. तेव्हा गर्दी कमी असते."

"त्या दिवशी फ्रीजर रिकामा होतो आहे."

तिने वहीत टिपलं. चेहरा पिठासारखा कोरा. मी आणखी पुढे गेले. म्हटलं, "मी हल्ली फार लवकर उठते. पाचलाच जाग येते. कोणी काही आवाज केला तरी मला काही वाटत नाही."

"मग झोपायच्या गोळ्या घे," लिस्बेट म्हणाली. "माझी मावशी घेते."

इतकं सांगूनही ज्यांना कळत नाही, त्यांनी संगणकाची गाणी म्हणावीत हेच बरं.

शनिवार, २४ मे

आज जे झालं ते शांतपणे लिहायचं आहे.

आयनार चौथं कडवं घेऊन आला. रुबार्बचा मुरंबा घातलेला केक त्याला दिला आणि कडवं वाचायला घेतलं. 'आल्माला ननने शिकवलं, शब्द टाळीने तोडावा.' मी वाचलं, बरं आहे म्हटलं, एका जागी मात्रा कमी होती ती भरली. तो गेला. मी बशा धुवायला घेतल्या. आणि साबणाच्या पाण्यात हात घालून तशीच उभी राहिले.

थ्यूला नन कुठून आल्या? तिकडे सगळे कडक प्रोटेस्टंट. कॅथलिक माणूस दिसला तर मुलं बघायला गोळा होतील. नन इथे आमच्या लोलँड बेटावर आल्या, बीट उपटायला आलेल्या पोलिश मजुरांच्या मागोमाग, आणि त्या मजुरांच्या नातवंडांना त्यांनी शिकवलं. या गल्लीत तसं नातवंड एकच आहे.

सगळी कडवी पुन्हा वाचली. पंगतीत उठणारी. टाळ्या वाजवणारी. रागावली की बेकरीत नुसता काळा पाव मागणारी. आधी कानापर्यंत तापले. मग माझ्या लक्षात आलं की मी खुर्चीवर चढले नव्हते. चमचाही नव्हता. ते मी माझ्याच हाताने माझ्याच गाण्यात घातलं आहे. तेव्हा मात्र हसू आवरेना. एकटीच हसत बसले स्वयंपाकघरात, हाताला फेस तसाच.

म्हणजे ते येणार आहेत. जाहिरात असली तरी येणार आहेत.

सिस्टर लिओबा डोळ्यांपुढे आली. जर्मन होती, उंच, हिवाळ्यात नाक लाल. आम्ही सहा-सात वर्षांच्या मुली, घरी अर्धं पोलिश ऐकलेल्या, आणि फळ्यावर हातभर लांबीचा डॅनिश शब्द. "मुलींनो, शेपटीपासून सुरुवात करा," ती म्हणायची. "शेवटचा तुकडा म्हणजे घर. आधीचे सगळे त्याच्या दारावरच्या पाट्या. घर सापडलं की कोणी हरवत नाही." मग टाळ्या. तिच्या टाळ्यांना खडूचा वास होता. परकी भाषा तिने आम्हाला हातांनी शिकवली, तिलाही ती परकीच होती.

आयनारला काहीही कळू द्यायचं नाही.

गुरुवार, २९ मे

ख्रिस्त स्वर्गारोहणाची सुट्टी. आयनार आला. मी चेहरा लिस्बेटसारखा कोरा ठेवला.

"ध्रुवपदात काहीतरी वजनदार शब्द हवा," मी म्हटलं. "म्हणजे आल्माला कळेल, माझ्यासाठी कोणी कष्ट घेतले आहेत."

"उदाहरणार्थ?"

"साखरबीटउपटणीयंत्रचालकसंघ."

आयनारने कप खाली ठेवला. "थ्यूला बीट होत नाही, बोडिल."

"तिचा कोणी नातेवाईक लोलँडला असेल की."

"आहे ना," तो हताशपणे म्हणाला. "मीच."

असा संघ खरोखर होता. माझे बाबा त्यात होते; आजोबांनी हाताने उपटलेलं बीट बाबांनी यंत्राने उपटलं, आणि त्या संघाचा बिल्ला ते रविवारच्या कोटाला लावायचे. पण मी शब्द निवडला तो दुष्टपणाने. आमच्या भाषेत तो असा तुटतो: सुक-कर-रो-ए-ओप-टाउ-निंग्स-मा-स्किन-फो-रर-फोर-ए-निंग. त्यातलं 'रो-ए-ओप' बघा. तीन स्वर एकमेकांना खेटून, मध्ये एकही व्यंजन नाही. घाईत म्हणताना जीभ तिथे घसरतेच. पहाटेच्या वेळी, थंडीत, रिकाम्या पोटी, अख्ख्या गल्लीला हे म्हणायला लावणार आहे मी. आणि वर खिडकीत उभी राहून ऐकणार आहे.

"शिकव मला," आयनार म्हणाला. संध्याकाळपर्यंत टाळ्या वाजवत बसलो. त्याचे हात फावड्यासारखे आहेत, टाळी अर्ध्या मात्रेने उशिरा पडते. घाई नव्हती म्हणून मीही पुन्हा पुन्हा सांगितलं.

सोमवार, २ जून

पहाटेच्या बसने दातांच्या डॉक्टरकडे गेले होते. अंधारात निघाले, तेव्हा पडदा उघडायचा राहून गेला. दुपारी परत येते तर आयनार कात्री घेऊन कुंपणापाशी. कुंपण इतकं कापलं आहे की त्याच्या स्वयंपाकघरातून माझी खिडकी आता सरळ दिसते.

"केवढं कापलंस रे?"

"वाढलं होतं," तो म्हणाला. कपाळावर घाम. "सांगून जायचं, बोडिल. माणूस कुठे जातो ते सांगून जावं."

दात भरून घ्यायला जाताना काय दवंडी पिटायची? एकटं राहून माणसं विक्षिप्त होतात. तरी त्याला स्ट्रॉबेरी दिल्या. कापल्याबद्दल.

बुधवार, १८ जून

सगळं तयार आहे. पाव उद्या पहाटे बेकरीचा माणूस पायरीवर ठेवून जाईल. कडू दारूचे पेले पुसून पुसून लखलखीत केले. झोपेतून उठल्यासारखे दिसतील असे केस कसे ठेवायचे, याचा आरशासमोर सराव केला. निळा गाऊन काढला. जुना वाटतो पण फाटका नाही.

आश्चर्याचा चेहराही करून बघितला. दुसऱ्या खेपेला जमला.

गुरुवार, १९ जून

सकाळी. साडेचारला उठले. ध्वज चढवला. वारा नाही, नुसता लटकतो आहे. पाव आले, गरम आहेत. पडदा उघडून ठेवला आहे.

नंतर. साडेसात. पाव कोमट. खिडकीखाली एक मांजर येऊन गेलं.

आणखी नंतर. साडेनऊ. रस्त्यावरून लिस्बेट सायकलने गेली. मी खिडकीत होते. तिने हात केला, "वाढदिवसाच्या शुभेच्छा," म्हणाली आणि पुढे गेली. थांबलीसुद्धा नाही.

आल्मा खरोखरच असेल तर? थ्यूला एखादी नन गेली असेल, कोणाला माहीत. एखादी आगाऊ बाई तिथेही असू शकते. मी एकटीच थोडी आहे जगात. चार कडव्यांवर मी केवढा इमला उभा केला. कदाचित आजच तिथे थ्यूला बँड वाजतो आहे आणि लोक माझ्या वडिलांच्या संघाचं नाव घेऊन तिसऱ्याच बाईला हसवत आहेत. मी स्वतः छापून सांगितलं होतं, नको. त्यांनी ऐकलं. एवढंच झालं आहे. यात कोणाचा दोष?

निळा गाऊन काढून बागेतले कपडे चढवले. मग बागकामही नकोसं झालं. अकरा वाजून गेल्यावर पडदा खाली ओढला आणि पलंगावर आडवी झाले.

संध्याकाळी. आता नीट लिहिते.

पडदा ओढून पाच-दहा मिनिटं झाली असतील, तोच कुंपणातून काहीतरी मोठं जनावर घुसल्यासारखा कडकडाट झाला. मागचं दार उघडलं. आयनार. बँडचा लाल कोट, सोनेरी बटणं, केसांत कुंपणाची पानं, खांद्यावर ट्यूबा.

"काय होतंय?" तो ओरडला. "छातीत दुखतंय का?"

"कोणाच्या?"

"तू पडदा खाली घेतलास. भर दिवसा."

"ऊन येत होतं," मी म्हटलं. "तू थ्यूला गेला नाहीस?"

तो माझ्याकडे पाहत राहिला, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे. "ऐक. तुला काही झालेलं नाही ना?"

"नाही."

"मग पडदा वर घे. आणि मी आलो नव्हतो. अजून बारा वाजलेले नाहीत." आणि ज्या भोकातून आला त्याच भोकातून गेला. ट्यूबा अडकली, ती त्याने मागून ओढून घेतली.

मी पडदा वर घेतला. गुडघ्याला माती, केस खरोखरच झोपेतून उठल्यासारखे. चर्चची घंटा बाराचे ठोके देऊ लागली, आणि शेवटच्या ठोक्याबरोबर फाटक उघडलं. तेल घातल्यामुळे जराही कुरकुरलं नाही. अख्खी गल्ली आत आली, मागे बँड. लिस्बेट सर्वांत पुढे.

"सकाळचं गाणं तू नाकारलं होतंस," ती खालून म्हणाली. "आता सकाळ संपली. दुपारबद्दल जाहिरातीत काही नव्हतं. आम्ही दोनदा वाचून बघितली."

आणि त्यांनी सुरुवात केली. खुर्ची आली, चमचा आला. फ्लेमिंगने खिशातून खरा चमचा काढून हलवला. मी चेहरा आश्चर्याचा करायला गेले, पण सराव केलेला चेहरा कुठे गेला कोणास ठाऊक. मग ध्रुवपद आलं. मी 'रो-ए-ओप'ची वाट पाहत होते. त्यांनी हात वर केले. चौदा टाळ्या, सगळ्यांच्या एकदम, एकही जीभ घसरली नाही. फक्त आयनारची टाळी अर्ध्या मात्रेने उशिरा. गावातल्या निम्म्या लोकांना बाबांचं नाव आठवत नसेल, पण त्यांचा संघ त्यांच्या तोंडात अखंड बसला होता. सापळा मी लावला होता, आणि खिडकीत तोंडावर हात धरून मीच उभी होते.

"दर मंगळवारी बेकरीच्या मागच्या खोलीत बसवलं," लिस्बेटने पेला हातात घेतल्यावर सांगितलं. "पिठाच्या हातांनी टाळ्या. घरी जाताना सगळे भुतासारखे दिसायचो."

"मग तुमच्या मेजवानीला गाणं बाहेरून का आणलंस?"

"तुला एकदा तरी पाहुणी म्हणून बसवावं म्हटलं. दर वेळी तू ताट सोडून लोकांच्या तोंडाकडे बघत असतेस. तर तू बसलीस का? नाही."

मी तिला दुसरा पाव दिला. पाव गार झाले होते, सगळ्यांनी चांगले आहेत म्हटलं.

पण त्याआधीचं एक राहिलं. गाण्यात पाचवं कडवं होतं. ते मी तपासलेलं नव्हतं, पाहिलेलंही नव्हतं. तिथे बँड थांबला, लोक थांबले. आयनारने ट्यूबा गवतावर ठेवली आणि ते एकट्याने म्हटलं. आवाज फाटका, चाल बरोबर.

सूर्य वर येतो म्हणून उजाडतं, असं लोक समजतात,
कुंपणापलीकडचे एकजण मात्र वेगळं काही जाणतात.

आणि मग सगळी ओळ भरून एकच शब्द: 'पडदावरगेल्याचाआनंद'. आमच्या भाषेत तो नऊ टाळ्यांचा होतो. तो कुठल्याही शब्दकोशात नाही. आयनारने तो स्वतः जोडला आहे. छापलेल्या कागदावर तो ओळीत मावला नाही, म्हणून मधे तोडला आहे, आणि तोडला आहे तो चुकीचा. मधला 'स' आधीच्या शब्दाकडे राहायला हवा होता: गार-दीन्स, मग ओप. त्याने तो पुढच्या ओळीवर नेला. गार-दीन, आणि खाली 'सोप'. 'सोप' म्हणजे काहीच नाही. म्हणतानाही त्याने तसंच म्हटलं.

कागद समोर आहे. पेन्सिलही आहे. मी तो तसाच ठेवते आहे.

ती सर्दीची सकाळ, तो एक बूट, ते कापलेलं कुंपण. सिस्टर लिओबाने सांगितलं होतं, शेपटीपासून वाचायचं. मी सगळा वसंत पहिल्याच तुकड्यावर अडून बसले होते.

शुक्रवार, २० जून

सहाला उठले. पडदा वर घेतला. कापलेल्या कुंपणावरून पलीकडची खिडकी सरळ दिसते. आयनार कॉफीचा कप घेऊन उभा होता. त्याने कप जरासा वर केला.

मी पडदा पुन्हा खाली सोडला.

आतल्या बाजूला उभी राहून वाट पाहिली. पलीकडे दार आपटलं. मग पडदा वर घेतला, खिडकी उघडली. आयनार माझ्या हिरवळीच्या मधोमध उभा होता. पायात एक बूट, एक सपाता, दव पोटरीपर्यंत.

"काय रे," मी म्हटलं, "शब्द विचारायला आलास?"

"हो," तो म्हणाला.

"कोणता?"

त्याने सपातेतलं दव झटकलं. "आठवत नाही."

"आत ये," मी म्हटलं. "कालचे पाव उरले आहेत. दोघं मिळून आठवू."